वाचक विचारतात : तरंगणारं जाकीट बनवताना

लाइफ जॅकेट, तरंगपट्टा, फुगणारं जाकीट अशी साधनं स्वतः डिझाइन करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘किती वजन तरंगेल?’ असं विचारलं आहे. ‘तोंड कुठे राहील?’ हा प्रश्न मात्र थोड्यांनाच पडला, आणि डिझाइन फसतं ते तिथेच. एक गोष्ट आधीच सांगतो. इथे दिलेली माहिती नमुना बनवून शिकण्यासाठी आहे. खोल पाण्यात जाताना चाचणी होऊन प्रमाणित झालेलंच साधन अंगावर असावं.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्पासाठी लाइफ जॅकेट करतोय. 70 किलोच्या माणसाला 70 किलो उचलणारा फोम लागेल, असं गटातल्या एकाचं म्हणणं आहे. एवढा फोम अंगावर मावणार कसा?

उत्तर : पाणी जे वजन आधीच उचलतं, ते तुमच्या मित्राने हिशेबात धरलं नाही. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक लोक जेमतेम तरंगतात आणि पूर्ण सोडला तर हळूहळू खाली जातात. म्हणजे संपूर्ण बुडालेल्या 70 किलोच्या माणसाचं पाण्यातलं वजन शून्याच्या आसपासच असतं. अडचण येते डोकं बाहेर काढताना. डोक्याचा आकार साधारण 4 ते 5 लिटर. ते पाण्याबाहेर आलं की तेवढ्या पाण्याचा आधार जातो आणि 40 ते 50 न्यूटन बल (10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार) दुसरीकडून आणावं लागतं. शिवाय श्वास सोडल्यावर छातीतली हवा दोनेक लिटरने कमी झाली तर आणखी सुमारे 20 न्यूटन जातात.

आयएसओ 12402 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या पातळ्या या हिशेबाशी ताडून पाहा. प्रौढांसाठी त्या 50, 100, 150 आणि 275 न्यूटन अशा आहेत. 50 न्यूटनचं साधन पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ आणि मदत हाताशी असेल तिथे वापरायचं. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. 100 हे शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. 150 खुल्या समुद्रासाठी. 275 अंगावर जड कपडे किंवा अवजारं घेऊन खोल समुद्रात काम करणाऱ्यांसाठी. उताणं करण्याची अपेक्षा 100 पासून पुढे धरतात, पण कपडे जड असतील तर 100 ला ते जमेलच असं नाही.

आता फोम किती लागेल ते पाहू. घनमीटरला 30 किलो घनतेचा पॉलिथिन फोम घेतला, तर एक लिटर फोमचं वजन 30 ग्रॅम, आणि तो 970 ग्रॅम उचलतो. म्हणजे लिटरमागे साधारण 9.5 न्यूटन. 50 न्यूटनसाठी 5.3 लिटर आणि 100 न्यूटनसाठी 10.5 लिटर. यात निदान दहा टक्के जास्तीचे धरा, कारण फोम दाबून बसतो, कापताना कडा जातात आणि कापड-बक्कल स्वतःही थोडं खाली ओढतात. 50 न्यूटनसाठी 6 लिटर फोम म्हणजे 25 मिलिमीटर जाडीचा 40 × 60 सेंटिमीटरचा तुकडा. तो अंगावर सहज मावतो.

प्रश्न : आमचं जाकीट वजन उत्तम पेलतं. पण चाचणीत मित्राने अंग सैल सोडलं की तो पालथा होतो आणि तसाच राहतो. फोम पुढे-मागे अगदी समान वाटला आहे. मग चुकतंय काय?

उत्तर : समान वाटला आहे, हेच चुकलंय. फोम पुढे-मागे सारखा असेल तर शरीराला दोन्ही स्थिती सारख्याच सोयीच्या होतात. उताणा पडला तर उताणा, पालथा पडला तर पालथा. दोन्हीकडे सारखं वागणारं जाकीट बेशुद्ध माणसाच्या कामाचं नाही. तुम्हाला पालथी स्थिती अस्थिर करायची आहे.

फोम छातीवर असला तर पालथं पडल्यावर तो शरीराच्या खाली दाबला जातो आणि वर यायला धडपडतो. जरासा कल मिळाला की अंग फिरतं. म्हणून सुरुवातीला एकूण फोमपैकी किमान दोन तृतीयांश पुढे ठेवा, तोही छातीच्या वरच्या भागात. पाठीवर जेमतेम थर ठेवा किंवा तोही नको. लहान बोटीतल्या काही जाकिटांना पाठीमागे नुसतं कापड किंवा जाळी असते.

मात्र पुढचा फोम खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंद आणि सपाट पसरवू नका. तसा तो पालथ्या माणसाला खालून आधार देतो आणि माणूस आरामात पालथाच राहतो. फोम छातीच्या मध्याकडे जाड आणि बगलेकडे पातळ करा. तरीही अंग मधल्या मध्ये अडकलं, तर एका बाजूला थोडा फोम वाढवून पाहा. असमतोल मुद्दाम ठेवला की फिरायची दिशा ठरून जाते. फुगणाऱ्या अनेक जाकिटांत हीच युक्ती असते.

कॉलरचं काम वेगळं. उताणं झाल्यावर मान मागे लोंबू नये आणि डोक्याला दोन्ही बाजूंनी टेकू मिळावा, एवढ्यासाठी ती असते. ती डोक्यामागे फार जाड केली तर हनुवटी छातीकडे ढकलली जाते आणि तोंड पाण्याजवळ येतं. जाडी कानांच्या बाजूला द्या, मागे कमी.

पोटावर फोम उतरवायचा मोह टाळा. कमरेला तरंगबल वाढलं की पाय वर येतात, धड आडवं होतं आणि तोंडाची पाण्यापासूनची उंची घटते. धड थोडं मागे कललेलं आणि पाय खाली, ही स्थिती हवी.

मोजायला आकडे हवे असतील तर जहाजांवरच्या प्रौढ लाइफ जॅकेटसाठीचे पूर्वीचे आंतरराष्ट्रीय निकष घ्या : तोंड पाण्यापासून 120 मिलिमीटर वर आणि बेशुद्ध माणूस 5 सेकंदांत उताणा. चाचणीची पद्धत साधी आहे. माणसाने छातीवर पोहत तीन हलके हात मारायचे, मग श्वास अर्धवट सोडून, तोंड पाण्यात ठेवून अंग पूर्ण सैल सोडायचं. तलावात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टीचा पोहणारा हवाच. एकाच माणसावर जमलं म्हणून थांबू नका. सडपातळ आणि पायाने दणकट माणसावर जे जाकीट चालतं, ते स्थूल माणसाला उताणं करेलच असं नाही. चरबी तरंगते, स्नायू बुडतात, आणि दोघांचे तोल वेगळे असतात.

प्रश्न : फोम महाग पडतो. थर्माकोल, स्पंज किंवा रिकाम्या बाटल्या वापरल्या तर?

उत्तर : स्पंज आधी बाद करा. त्याचे कप्पे एकमेकांत उघडे असतात, त्यामुळे तो पाणी पितो. काही मिनिटांतच तरंगसाधनाऐवजी ओलं ओझं हाती राहतं. थर्माकोल सुरुवातीला छान उचलतो, पण वाकत नाही, मोडतो. दाण्यांमधल्या फटींतून कालांतराने पाणी शिरतं आणि पेट्रोल लागलं तर तो विरघळतो. इंजिनाच्या बोटीत ही शेवटची गोष्ट विसरून चालणार नाही.

बंद कप्प्यांचा पॉलिथिन फोम हा प्रकल्पासाठी ठीक पर्याय. पीव्हीसी-नायट्राइल फोम मऊ असतो आणि अंगाला छान बसतो, पण जरा जड. पॅकिंगमधला पातळ इपीई फोम दिसायला तसाच असला तरी त्याचे मोठे, पातळ भिंतींचे कप्पे वारंवार दाबले की फुटतात. एक झटपट परीक्षा : 10 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा वजन करा, दगडाखाली पाण्यात दाबून चोवीस तास ठेवा, वरून पुसून पुन्हा वजन करा. वजन ठळक वाढलं तर तो फोम नको.

पूर्वी बूच आणि कापोक हा सावरीच्या कापसासारखा तंतू वापरत. ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेचे कॅप्टन वॉर्ड यांनी 1854 साली बुचाचं जाकीट केलं होतं. कापोक चांगला तरंगायचा, पण तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा लागे आणि पिशवी फाटली की भिजून निकामी होई.

बाटल्यांचं गणित मोहात पाडणारं आहे. झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली जवळपास एक किलो उचलते, म्हणजे सहा बाटल्यांत 50 न्यूटन पार होतात. पण एक झाकण गळलं की सहावा हिस्सा गेला, आणि ते कळतंही नाही. दोरीने बांधलेल्या बाटल्या सरकतात आणि पाठीकडे गेल्या की माणसाला पालथं पाडतात. बुडणाऱ्याकडे फेकायला दोरी बांधलेली मोठी बंद बाटली फार उपयोगी, पण अंगावर घालायला नाही.

प्रश्न : मी शिवणकाम करते. जाकीट शिवायला कोणता दोरा आणि पट्टे वापरू? पाण्यात उतरल्यावर आमचं जाकीट कानापर्यंत वर चढतं.

उत्तर : दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा. सुती दोरा कुजतो, आणि तो आतून कुजल्याचं शिवण उसवेपर्यंत दिसत नाही. पट्टे 25 ते 38 मिलिमीटर रुंद, पॉलिस्टरचे उत्तम. नायलॉन ओला झाला की थोडा ताणतो, मग घट्ट केलेला पट्टा पाण्यात ढिला होतो. पॉलिप्रोपिलीन स्वस्त आणि हलका, पण उन्हाने लवकर ठिसूळ होतो. पट्टा नुसता कापडाला जोडू नका. तो पाठीमागून पूर्ण वळसा घेऊन पुढे यावा, म्हणजे ओढ शिवणीवर न येता पट्ट्यावरच राहते. जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला. कापलेली टोकं गरम करून बंद करा आणि टोक दुमडून शिवा, नाहीतर ते बक्कलमधून निसटतं.

आता वर चढण्याबद्दल. पाणी जाकिटाला वर ढकलतं आणि माणूस खाली जातो. दोघांना एकत्र धरणारं काही नसलं की जाकीट डोक्यावरून निघायला बघतं. छातीवरचा एकटा पट्टा हे थांबवू शकत नाही, तो बगलेपर्यंत सरकतो. दुसरा पट्टा बरगड्यांच्या खाली, कमरेच्या सर्वांत बारीक भागावर द्या. तिथे तो अडकून राहतो. त्याने भागलं नाही तर मांड्यांमधून जाणारा पट्टा लावा. स्त्रियांसाठी शिवताना पुढचा फोम एकसंध न ठेवता दोन-तीन तुकड्यांत विभागा आणि छातीच्या उंचवट्याखाली चुणी घ्या. नाहीतर पट्टा कितीही आवळला तरी जाकीट अंगापासून सुटलेलंच राहतं.

जमिनीवरची परीक्षा सोपी. सगळे पट्टे आवळून दुसऱ्याने दोन्ही खांद्यांना धरून जाकीट सरळ वर ओढायचं. ते हनुवटीपर्यंत आलं तर माप किंवा पट्ट्यांची जागा चुकली आहे.

प्रश्न : प्रयोगशाळा नसताना तरंगबल कसं मोजायचं?

उत्तर : दोनशे लिटरचा ड्रम, स्प्रिंग काटा, जाळीची पिशवी आणि लोखंडी वजनं एवढ्यावर काम होतं. 50 न्यूटनच्या जाकिटासाठी आठ-नऊ किलो वजनं पिशवीत घाला. ती काट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवा आणि पाण्यातलं वजन टिपा. हवेतलं वजन घेऊ नका. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा सुमारे आठवा भाग गमावतं, आणि अनेकांचा आकडा फुगतो तो याच चुकीने.

मग जाकीट त्याच पिशवीत वजनांच्या वर ठेवा. बुडवून हाताने चेपत राहा. कापडाच्या घड्यांत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडली पाहिजे. अर्धा तास तसंच ठेवून काटा वाचा. समजा नुसत्या वजनांना 7.6 किलो आणि जाकिटासह 2.3 किलो दाखवलं, तर फरक 5.3 किलो. त्याला 9.81 ने गुणा : 52 न्यूटन. चोवीस तास पाण्यातच राहू द्या आणि त्याच खोलीवर पुन्हा वाचा. आता 2.5 आलं तर तरंगबल 5.1 किलो उरलं, म्हणजे घट 3.8 टक्के. जहाजांवरच्या जाकिटांना गोड्या पाण्यात चोवीस तासांनंतर 5 टक्क्यांपर्यंतची घट चालते. त्याहून जास्त आली तर फोम पाणी पितोय किंवा दाबला जातोय.

प्रश्न : समुद्रात जाकीट जास्त तरंगतं म्हणतात. मग कमी फोम चालेल का?

उत्तर : नाही. खाऱ्या पाण्याचा फायदा अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि फेसाळत्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने उलट तरंगबल घटतं. हिशेब गोड्या पाण्याचाच धरा.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीसाठी दंडावरचे फुगे घेतले आहेत. ते पुरेसे आहेत का, की मोठ्यांचं जाकीट घट्ट बांधून घालावं?

उत्तर : दोन्ही नको. दंडावरचे फुगे हे पाण्यात खेळायचं साधन आहे. ते ओल्या हातावरून निसटतात, एकाची झडप गळली की मूल एका कुशीवर कलंडतं, आणि हात खाली केले की तोंडही खाली जातं. मोठ्यांचं जाकीट कितीही आवळलं तरी मूल त्यातून खाली घसरतं.

मुलांचं जाकीट वजन आणि छातीचा घेर पाहून निवडायचं, वय पाहून नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं आणि ते पाण्यात घाबरून वळवळतं. म्हणून डोक्यामागे आधार देणारी कॉलर आणि मांड्यांमधला पट्टा या दोन गोष्टींवर तडजोड नको. कॉलरच्या मागे पकडायला पट्ट्याची मूठ हवी, म्हणजे मोठ्या माणसाला मुलाला एका हाताने बाहेर उचलता येतं. ती मूठ नुसती कापडावर शिवलेली नसावी, खालच्या मुख्य पट्ट्याला जोडलेली असावी. ‘पुढे वाढेल म्हणून’ एक माप मोठं घेणं इथे धोक्याचं आहे. आणि जाकीट असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

प्रश्न : मनगटावर घड्याळासारखं बांधायचं, कळ दाबली की गॅसने फुगा फुगतो, असं साधन बनवतोय. 8 ग्रॅमचं सिलिंडर पुरेल का? पाणी ओळखणारा सेन्सरही लावायचा आहे.

उत्तर : आधी गॅस. साध्या तापमानाला आणि हवेच्या दाबाला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड साधारण अर्ध्या लिटरहून किंचित जास्त जागा घेतो. 8 ग्रॅमला 4.4 लिटर, म्हणजे कागदावर 43 न्यूटन. फुगा ताठ राहायला आत थोडा जास्त दाब लागतो, त्यात दहा टक्के गेले असं धरा. 33 ग्रॅमची सिलिंडरं 150 न्यूटनच्या जाकिटांत आणि 60 ग्रॅमची 275 च्या जाकिटांत दिसतात, ती याच हिशेबाने. पाणी थंड असेल तर आकार आणखी घटतो आणि फुगायला वेळही जास्त लागतो.

पण तुमची खरी अडचण गॅसची नाही, मनगटाची आहे. फुगा मनगटावर म्हणजे माणूस एका हाताला लटकलेला. शुद्धीत असेल, तर फुगा छातीशी कवटाळून तो तगू शकेल. शुद्ध हरपली किंवा हात गारठले की हात वर आणि तोंड पाण्यात. पोहणाऱ्याला दमल्यावर आधार, एवढंच त्याला म्हणा. ‘जीवरक्षक’ असं त्यावर लिहू नका.

सेन्सरबद्दल. बाजारातल्या आपोआप फुगणाऱ्या जाकिटांत दोन पद्धती रूढ आहेत. एकीत पाण्याने विरघळणारी गोळी स्प्रिंगला अडवून धरते. ती स्वस्त असते, पण पावसाने किंवा दमट कपाटातही सुटू शकते. दुसरी पाण्याच्या दाबावर, साधारण 10 सेंटिमीटर खोलीवर सुटते. ती महाग, पण तुषारांनी फसत नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावला तर बॅटरी संपणं आणि जोडणीला गंज चढणं हे दोन नवे बिघाड पदरात पडतात. काहीही केलंत तरी ओढायची दोरी आणि तोंडाने फुगवायची नळी ठेवाच.

देखभालीचं पत्रकही डिझाइनचा भाग समजा. सिलिंडर हाताने पिळून घट्ट आहे का पाहायचं, कारण वापरात ते हळूहळू सैल होतं आणि मग सुई त्याला नीट भोसकत नाही. वजन करून त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडायचं. फुगा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचा. फुगणारी साधनं लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना देऊ नका, त्यांना फोमच बरा.

प्रश्न : काळ्या रंगात जाकीट छान दिसतं. चालेल?

उत्तर : तरंगायला चालेल, सापडायला नाही. लाटांत फक्त डोकं आणि कॉलर दिसते. निदान तो भाग नारिंगी किंवा झगझगीत पिवळा ठेवा, खांद्यांवर प्रकाश परतवणारी पट्टी आणि आत दाणा नसलेली शिट्टी द्या. दाणा ओला होऊन अडकतो. शिट्टीची दोरी तोंडापर्यंत पोहोचेल एवढी, पण गळ्याला वेढा पडणार नाही एवढी ठेवा.

प्रश्न : बंदिस्त केबिनच्या बोटीत बसतानाच सर्वांनी जाकीट फुगवून ठेवावं, अशी सूचना लिहिली तर सुरक्षित नाही का?

उत्तर : उलट, जीवघेणी सूचना होईल. केबिनमध्ये पाणी भरलं की फुगलेलं जाकीट माणसाला छताशी दाबून धरतं आणि दारापर्यंत बुडी मारता येत नाही. 1996 साली इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा आतच जाकिटं फुगवलेले प्रवासी असेच अडकले. म्हणून फुगणारं जाकीट आधीपासून अंगावर बांधलेलं असावं, पण दोरी बाहेर पडल्यावर ओढावी. आपोआप फुगणारं आणि फोमचं, दोन्ही बंदिस्त केबिनमध्ये हीच अडचण करतात. तिथे दोरीने फुगणारा प्रकारच निवडा.

उघड्या बोटीत मात्र जाकीट निघण्याआधीच घाला, बाकाखाली ठेवू नका. पाणी थंड असेल तर पहिल्या मिनिटात धाप आवरत नाही, आणि पुढच्या दहाएक मिनिटांत बोटं बक्कल लावण्याइतकीही वळत नाहीत.